स्मरणिकेतलं इंग्रजी: अध्यक्षांचा ‘पी’ मोठा की लहान, आणि ‘द’ नक्की कुठे?

परळगावचा

नमस्कार मंडळी,

आमच्या मराठी शाळेच्या माजी विद्यार्थी संघाची स्मरणिका निघते आहे. मराठी विभाग कधीच छपाईला गेला. इंग्रजी विभाग माझ्या गळ्यात पडलाय, कारण समितीत ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही असा मी एकटाच. मजकूर आला, टाइप झाला, प्रूफंही आली. अडलंय ते भलत्याच ठिकाणी.

संघाच्या अध्यक्षांचा उल्लेख पानोपानी आहे. कोणी प्रेसिडेंटचा पी कॅपिटल केलाय, कोणी स्मॉल. एका लेखात ‘ही वॉज इलेक्टेड प्रेसिडेंट’, पुढच्याच लेखात ‘इलेक्टेड ॲज द प्रेसिडेंट’, आणि एका उत्साही लेखकाने ‘इलेक्टेड अ प्रेसिडेंट’ असंही लिहून ठेवलंय. ‘द प्रिन्सिपल मिसेस अमुक’ आहे, ‘द डॉ. तमुक’ आहे. प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी पद्मश्री आहे. खजिनदारांचं म्हणणं, सगळ्या पदांना कॅपिटल द्या, मान राहतो. चिटणीसबाई म्हणतात, परदेशी वर्तमानपत्रांत प्राइम मिनिस्टरसुद्धा स्मॉलमध्ये असतो, मग आपले अध्यक्ष कोण लागून गेले? हे बोलणं झालं तेव्हा अध्यक्ष समोरच बसले होते.

तर नियम काय आहे? इथे रोमन लिपी चालत नाही, तेव्हा उदाहरणं देवनागरीत द्या आणि कॅपिटल कुठे ते शब्दांत सांगा.

कांजूर_फास्ट

सगळं कॅपिटल ठेवा आणि झोपा. स्मॉल केलं म्हणून रुसणारे पुष्कळ भेटतात. कॅपिटल केलं म्हणून रुसलेला माणूस मला अजून दिसलेला नाही.

खडूफळा

कांजूर, हा सल्ला समितीच्या शांततेसाठी उत्तम आहे. इंग्रजीसाठी नाही.

परळगावचा, तुमचे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवू. ‘द’ लागतो का हा एक, आणि कॅपिटल लागतं का हा दुसरा. शाळेत आम्ही दोन्ही एकाच तासाला उरकतो, त्यामुळे मुलांची समजूत होते की ‘द’ आला की कॅपिटल, कॅपिटल आलं की ‘द’. तसं काही नाही.

आज फक्त ‘द’. पद नावाला चिकटून त्याच्या आधी आलं, की उपपद, म्हणजे ‘अ’ किंवा ‘द’, नाही. प्रेसिडेंट राजेंद्र प्रसाद, जस्टिस रानडे, डॉक्टर भाऊ दाजी लाड. यांच्या आधी ‘द’ लावला तर इंग्रजी कानाला खडा लागतो. महात्मा फुले, लोकमान्य टिळक यांचंही तेच. उपाधी तिथे नावाचाच भाग होऊन बसली आहे. तेव्हा तुमच्या स्मरणिकेतले ‘द डॉ. तमुक’ सरळ कापा. ‘द लेट डॉ. तमुक’ मात्र बरोबर, कारण मध्ये विशेषण आलं. नाव गळलं आणि पद एकटं उरलं की ‘द’ परत येतो: द प्रेसिडेंट स्पोक, द प्रिन्सिपल थँक्ड द गेस्ट्स.

गोंधळ होतो तो तिसऱ्या जागी. माणूस पदावर बसतो तेव्हा. इलेक्ट, अपॉइंट, बिकम ही क्रियापदं, किंवा ‘ॲज’ हा शब्द. इथे पद त्या संस्थेत एकच असेल तर उपपद न लावणं ही जुनी आणि बरोबर रीत आहे. ‘इलेक्टेड प्रेसिडेंट’ निर्दोष. ‘इलेक्टेड ॲज द प्रेसिडेंट’ चूक म्हणता येणार नाही, फक्त जड आहे. ‘इलेक्टेड अ प्रेसिडेंट’ म्हणजे संघाला अध्यक्ष पुष्कळ आहेत, त्यातले हे एक.

याचे नमुने पाहायचे तर भारताच्या संविधानाचा इंग्रजी पाठ उघडा. मी नववी-दहावीला हेच करते. अनुच्छेद ५२: देअर शॅल बी अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया. इथे ‘अ’, कारण ते पद या वाक्याने जन्माला येतंय. ५३ पासून तेच पद ‘द प्रेसिडेंट’, आता ओळख झाली. ५८ मध्ये ‘इलेक्शन ॲज प्रेसिडेंट’, उपपदच नाही. ६४ मध्ये उपराष्ट्रपती हे ‘एक्स ऑफिशिओ चेअरमन ऑफ द कौन्सिल ऑफ स्टेट्स’, चेअरमनच्या आधी पुन्हा काही नाही.

आणि माझा सगळ्यांत लाडका अनुच्छेद १६५. राज्यपाल महाधिवक्ता नेमतात, त्याची पात्रता काय? ‘क्वालिफाइड टु बी अपॉइंटेड अ जज ऑफ अ हाय कोर्ट’, आणि त्याला नेमायचं कशासाठी? ‘टु बी ॲडव्होकेट-जनरल फॉर द स्टेट’. एकाच वाक्यात न्यायाधीशाला ‘अ’ आहे, महाधिवक्त्याला काही नाही. न्यायाधीश अनेक असतात, महाधिवक्ता राज्याला एकच. पाठ्यपुस्तकातल्या दहा नियमांपेक्षा हे एक वाक्य पोरांच्या जास्त लक्षात राहतं.

एक सावधगिरी. ‘फर्स्ट’, ‘सेकंड’, ‘ओन्ली’ असे शब्द आले की ‘द’ टाळता येत नाही. यशवंतराव चव्हाण १९६० साली ‘बिकेम चीफ मिनिस्टर ऑफ महाराष्ट्र’, पण ‘बिकेम द फर्स्ट चीफ मिनिस्टर ऑफ महाराष्ट्र’.

कॅपिटलवर कोणी वर्तमानपत्रवाल्यांनी बोलावं. त्यांच्यात त्यावरून मारामाऱ्या होतात असं ऐकते.

चहा_कटिंग

१६५ चं वाक्य जपून ठेवलं. धन्यवाद बाई.

रात्रपाळी

मारामाऱ्या नाहीत, पण रात्री साडेअकराला पान सोडायचं असताना ‘चीफ मिनिस्टरचा सी’ यावरून आवाज चढलेले ऐकलेत.

अमेरिकेत लेखनाच्या नियमांच्या दोन मोठ्या पद्धती आहेत, शिकागो मॅन्युअल हे नियमांचं पुस्तक आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची. एरवी दोघांचं फारसं पटत नाही, इथे मात्र एकमत आहे. पद नावाच्या लगेच आधी आलं तर कॅपिटल, एकटं आलं किंवा नावाच्या मागून आलं तर स्मॉल. ‘प्रेसिडेंट लिंकन’ मध्ये पी मोठा, ‘द प्रेसिडेंट’ मध्ये लहान, ‘लिंकन, द प्रेसिडेंट’ मध्येही लहान. ब्रिटनच्या इकॉनॉमिस्टची रीत जवळपास हीच. गार्डियन आणखी पुढे गेलंय, तिथे कामाच्या पदांना सरसकट स्मॉल, पंतप्रधान का असेना. तुमच्या चिटणीसबाईंनी बहुधा तेच पाहिलं असणार.

यामागचं तर्कशास्त्र साधं आहे. कॅपिटल नावाला मिळतं. पद नावाचा भाग झालं तर त्यालाही मिळतं. वर्णन म्हणून आलं तर नाही. माणूस मोठा की छोटा याच्याशी काही संबंध नाही. गल्लीतल्या मंडळाचे ‘प्रेसिडेंट अमुक’ कॅपिटल, आणि महासत्तेचा ‘द प्रेसिडेंट’ स्मॉल. खजिनदारांना हे पटवणं कठीण जाईल, कारण आपण मराठीत मान द्यायला ‘ते आले’, ‘साहेब म्हणाले’ असं अनेकवचन वापरतो. इंग्रजीत तशी सोय नाही, मग तो मान कॅपिटलमध्ये भरतो. मंत्र्यांच्या दौऱ्याची प्रेस नोट हाती घेतली की दर तिसरा शब्द मोठ्या अक्षराने सुरू झालेला असतो, ‘ऑनरेबल’, ‘ऑगस्ट’, ‘ग्रेशस प्रेझेन्स’ वगैरे.

हेही खरं की आपल्याकडची काही इंग्रजी दैनिकं एकट्या चीफ मिनिस्टरलाही कॅपिटल देतात. ती त्यांची ठरवलेली रीत आहे आणि रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच पाळतात. तुमच्या स्मरणिकेत खरा दोष आहे तो पान चारवर एक आणि पान सहावर दुसरं हा.

फाइलबंद

मी मंत्रालयातून निवृत्त झालो. थोडा विरोध नोंदवतो.

वरच्या बाईंनी संविधान दाखवलं ते ‘द’ साठी. पण त्याच संविधानात प्रेसिडेंट, गव्हर्नर, जज, स्टेट, हाउस हे सगळे शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅपिटल आहेत, नाव जवळ असो वा नसो. मग शिकागो मोठं की संविधान? आम्ही आयुष्यभर टिपणी लिहिली ती ‘द गव्हर्नर इज प्लीज्ड टु’ अशी, जी मोठा. स्मॉल जी लिहिला असता तर फाइल लाल शेरा घेऊन परत आली असती.

खडूफळा

फाइलबंद काका, मुद्दा रास्त आहे, पण संविधान हा कायदा आहे. कायद्याच्या मसुद्यात कॅपिटल हे ‘या दस्तऐवजात ठरवून दिलेलं पद’ असं सांगायला येतं. विक्रीखतात नाही का ‘द परचेसर’, ‘द सेलर’ मोठ्या अक्षराने असतात? फ्लॅट घेणाऱ्याचा मान राखायचा म्हणून बिल्डर ते कॅपिटल देत नाही. (बिल्डरने मान राखलेला पाहिलाय का कोणी?) सरकारी पत्र त्याच घराण्यातलं. शाळेच्या स्मरणिकेतला आठवणींचा लेख त्या घराण्यातला नाही.

आणि काका, तुम्ही काढलंच आहे तर अनुच्छेद ६० मधली राष्ट्रपतींची शपथ बघा. ‘एक्झिक्यूट द ऑफिस ऑफ प्रेसिडेंट’, आणि लगेच कंसात, ‘ऑर डिस्चार्ज द फंक्शन्स ऑफ द प्रेसिडेंट’. पहिल्यांदा उपपद नाही, दुसऱ्यांदा आहे. पहिल्यात ‘प्रेसिडेंट’ हे पदाचं लेबल आहे, खुर्चीवरची पाटी. दुसऱ्यात तो पद धारण करणारा, त्याची कामं. पी मात्र दोन्हीकडे मोठाच. म्हणजे ‘द’ आणि कॅपिटल यांचं नातं नाही, याला याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

फाइलबंद

शपथेचं लक्षात आलं नव्हतं कधी. मान्य.

मग एक माहिती माझ्याकडूनही घ्या, तुमच्या पाहुण्यांच्या कामाची. नावाआधी पद्मश्री लावू नका. अनुच्छेद १८ ने सैनिकी आणि शैक्षणिक सोडून बाकीचे किताब देणं राज्याला बंद केलं. मग पद्म पुरस्कार हे किताब आहेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९९५ मध्ये निकाल लागला: पुरस्कार वैध आहेत, पण ते किताब नाहीत आणि नावाच्या आधी किंवा मागे जोडायचे नाहीत. लेटरहेड, आमंत्रणपत्रिका, पोस्टर, पुस्तक, कुठेही नाही. इंग्रजीत परिचयाच्या वाक्यात खुशाल लिहा, ‘ही रिसीव्ह्ड द पद्मश्री’. तिथे ‘द’ येतो, कारण तो पुरस्कार आहे.

आणि ‘हिज एक्सलन्सी’ही कोणाला लावू नका. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जी राष्ट्रपती असताना देशातल्या वापरासाठी ते बंद झालं, परदेशी पाहुण्यांच्या शिष्टाचारापुरतं राहिलं. त्याच्या जागी ‘ऑनरेबल’. ते विशेषण असल्यामुळे खरं तर त्याच्या आधी ‘द’ पाहिजे: ‘द ऑनरेबल चीफ जस्टिस’. आमच्याकडे बऱ्याच पत्रांत तो गळायचा.

परळगावचा

बापरे. पाहुण्यांचं पद्मश्री आमंत्रणपत्रिकेवरही आहे, ती उद्या छापायला जाणार होती. लगेच फोन करतो.

अंधेरी_स्लो

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण इथेच बसेल. आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या प्रोफाइलवर ‘वर्किंग ॲज अ सीनियर मॅनेजर’ असतं, एस आणि एम कॅपिटल. मी ‘ॲज सीनियर मॅनेजर’ लिहिलं तर एचआरने ‘अ’ घालून परत पाठवलं. कोण बरोबर?

खडूफळा

कंपनीत सीनियर मॅनेजर अनेक असतील तर एचआर बरोबर, ‘अ’ हवाच. पद एकमेव असेल, समजा कंपनी सेक्रेटरी, तर ‘ॲज कंपनी सेक्रेटरी’. बायोडेटाच्या तुटक भाषेत ‘वर्क्ड ॲज प्रोजेक्ट मॅनेजर’ चालून जातं, कारण तिथे सगळीच उपपदं गाळलेली असतात. पूर्ण वाक्यात नाही.

आपल्या मुलांची खरी अडचण याच्या उलट असते. ‘माय फादर इज ड्रायव्हर’, ‘शी इज नर्स’. मराठीत ‘बाबा ड्रायव्हर आहेत’ म्हणताना मध्ये काही लागत नाही, त्यामुळे ‘अ’ सुटतो. दहावीच्या पेपरात दरवर्षी हेच.

रात्रपाळी

आणि कॅपिटलचं विचाराल तर, सहीखाली किंवा व्हिजिटिंग कार्डावर पद कॅपिटलमध्येच असतं, ती पाटी आहे. वाक्यात आलं की ‘अ सीनियर मॅनेजर’ स्मॉल. ‘अ’ लागला म्हणजे ते वर्णन झालं, नाव नाही.

आमच्या डेस्कवरची दुसरी खोड सांगतो, ‘ॲक्टर अमुक’, ‘पोएट कुसुमाग्रज’, ‘इंडस्ट्रियलिस्ट तमुक’. व्यवसायाला पदवीसारखं नावापुढे जोडायचं. ही लकब अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने रूढ केली असं मानतात. बातमीत जागा वाचते म्हणून आम्ही वापरतो. तुम्ही स्मरणिकेत ‘द पोएट कुसुमाग्रज’ लिहा, पी लहान. घाई नसताना घाईची भाषा कशाला?

फोर्टातली_फेरी

तुम्ही सगळे कागदावर भांडताय, मी तुम्हाला जरा रस्त्यावर नेते. आपल्या शहरात इंग्रजी पदव्यांची सगळी तऱ्हा दगडात आणि पाट्यांवर आहे.

गेटवेवरचा मजकूर वाचलाय का सावकाश? बादशहा ‘किंग जॉर्ज द फिफ्थ’ आणि ‘क्वीन मेरी’ २ डिसेंबर १९११ ला इथे उतरले त्याची आठवण. दोघांच्या आधी उपपद नाही, पदवी नावाला चिकटलेली. त्यांच्याही आधी ‘देअर इम्पीरियल मॅजेस्टीज’. तिथेही ‘द’ नाही, कारण ‘देअर’ ने ती जागा घेतली. कॅपिटल-स्मॉलचं तिथे काही कळत नाही, दगडात सगळीच अक्षरं मोठी कोरलीत.

तिथून जवळच म्युझियम. आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आधी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. १९०५ मध्ये ज्याने पायाभरणी केली तो प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे नंतरचा हाच पाचवा जॉर्ज. नुसतं ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणायचं तर ‘द’ हवा. मध्ये ‘ऑफ’ असलेल्या पदव्यांना तो लागतो: द ड्यूक ऑफ वेलिंग्टन, द प्रिन्स ऑफ वेल्स. पण लॉर्ड एल्फिन्स्टनला नाही, कारण ‘लॉर्ड’ सरळ नावाला लागतो.

आता ‘सर’. इंग्रजी रीतीने सर हा किताब पहिल्या नावाला लागतो, एकट्या आडनावाला कधीच नाही. म्हणून ‘सर फिरोजशहा’ किंवा ‘सर फिरोजशहा मेहता’. ‘सर मेहता’ म्हटलं तर इंग्रज हसेल. जमशेटजी जीजीभाय यांना १८४२ मध्ये सर किताब मिळाला, ते ‘सर जमशेटजी’. १८५७ ची आर्ट स्कूल म्हणूनच ‘सर जे. जे.’. दादर-माहीमकरांनो, तुमचा एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजी रोड. त्यांच्या पत्नी आवाबाई, ज्यांनी माहीम कॉजवेसाठी पैसे दिले. ब्रिटिश रिवाजात ‘लेडी’ नंतर नवऱ्याचं आडनाव यायला हवं होतं, मुंबईने पहिलं नाव लावलं आणि तेच टिकलं. मला हे आवडतं. साहेबाची पदवी घेतली, पण लावली आपल्या पद्धतीने.

गिरगाव चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन, ते पाद्री. जुन्या नीट इंग्रजीत ‘द रेव्हरंड जॉन विल्सन’. रेव्हरंड हेही ऑनरेबलसारखं विशेषणच, म्हणून ‘द’ आणि पूर्ण नाव. नुसतं ‘रेव्हरंड विल्सन’ आता सर्रास चालतं, जुने लोक नाक मुरडायचे.

कांजूर_फास्ट

मग आमचे ‘पाटील सर’ काय?

फोर्टातली_फेरी

ते भारतीय इंग्रजी, आणि त्यात काही कमी नाही. नाव आधी, सर नंतर, दोन्ही कॅपिटल. ‘सर पाटील’ मात्र नको. राजाने खांद्यावर तलवार टेकवली असती तरी ते चुकलंच असतं.

परळगावचा

स्मरणिकेत ‘सर पाटील’ आहे. आत्ता पाहिलं.

आणखी एक भानगड. शेवटी माजी विद्यार्थ्यांनी वाचावीत अशा पुस्तकांची यादी आणि लेखांची शीर्षकं आहेत. शीर्षकांत कुठला शब्द मोठा, कुठला लहान? टाइप करणाऱ्या मुलाने प्रत्येक शब्द मोठा केलाय, ‘ऑफ’ आणि ‘द’ सुद्धा.

प्रूफवाला_गिरगाव

हे माझं खातं. गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, आता पीडीएफवर खुणा करतो.

शीर्षकात पहिला आणि शेवटचा शब्द नेहमी मोठा, काहीही असो. मधल्यांत नाम, सर्वनाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण मोठी. उपपदं, ‘अँड’-‘ऑर’-‘बट’ सारखी अव्ययं आणि छोटी शब्दयोगी अव्ययं लहान. लोक ‘छोटा शब्द लहान’ असं लक्षात ठेवतात आणि तिथेच फसतात. ‘इज’ दोन अक्षरांचं असलं तरी क्रियापद आहे, मोठं. ‘इट’, ‘हिज’, ‘माय’ ही सर्वनामं, मोठी.

बाबासाहेबांचीच दोन पुस्तकं घ्या, यादीत असतीलच. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’: पहिला ‘द’ मोठा, कारण पहिला. बुद्ध मोठा, ‘अँड’ लहान, ‘हिज’ मोठा, धम्म मोठा. १९२३ चं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी: इट्स ओरिजिन अँड इट्स सोल्यूशन’: पहिला ‘द’ मोठा, दुसरा लहान, ‘ऑफ’ लहान, अपूर्णविरामानंतर (कोलननंतर) उपशीर्षक नव्याने सुरू होतं म्हणून ‘इट्स’ मोठा, आणि ‘अँड’ नंतरचा ‘इट्स’ सर्वनाम म्हणून मोठा. एवढ्या एका शीर्षकावर माझ्या हाताखालच्या पोरांची परीक्षा घेतो.

वाद आहे तो लांब शब्दयोगी अव्ययांचा. गांधीजींच्या आत्मकथेच्या इंग्रजी नावात ‘एक्सपेरिमेंट्स विथ ट्रूथ’ आहे, त्यातला ‘विथ’. असोसिएटेड प्रेसच्या हिशेबाने चार किंवा जास्त अक्षरांचा शब्द मोठा, तेव्हा ‘विथ’ मोठा. शिकागोच्या हिशेबाने लहान. शिकागोवाले पूर्वी अशी अव्ययं कितीही लांब असली तरी लहान ठेवायचे. २०२४ च्या अठराव्या आवृत्तीपासून पाच किंवा जास्त अक्षरांची मोठी करतात, म्हणजे ‘अबाउट’, ‘बिटवीन’ आता मोठे आणि ‘विथ’, ‘फ्रॉम’ अजून लहान. तुम्ही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे तसं ठेवा आणि स्वतःच्या लेखांना एक पद्धत धरा. मी शिकागो धरतो, सवय.

चहा_कटिंग

आणि वर्तमानपत्रांचा ‘द’? टाइम्स ऑफ इंडियाच्या आधी ‘द’ आहे, हिंदुस्तान टाइम्सच्या आधी नाही.

प्रूफवाला_गिरगाव

मथळ्याच्या पाटीवर आहे ते नाव. टाइम्सच्या पाटीवर ‘द’ आहे. १८३८ मध्ये ‘द बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ म्हणून निघालं तेव्हापासून. वाक्यात तो ‘द’ मोठा ठेवायचा की लहान यावर दोन्ही पंथ आहेत, एक निवडा. पण ‘अ टाइम्स ऑफ इंडिया रिपोर्टर’ लिहिताना ‘द’ गळतोच, दोन उपपदं एकापुढे एक बसत नाहीत.

अंधेरी_स्लो

मुंबई युनिव्हर्सिटीला ‘द’ लावायचा का? बायोडेटात दोन्ही पाहिलंय.

खडूफळा

नाव कसं लिहिता त्यावर. ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’, इथे लागतो, फोर्टातल्या बाईंनी सांगितलेला ‘ऑफ’ चा हिशेब. ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ला नाही. स्थापना १८५७, तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे, १९९६ पासून मुंबई. उच्च न्यायालयाचं नाव बदललं नाही, ते ‘द बॉम्बे हाय कोर्ट’, आणि तिथे ‘ऑफ’ नसूनही ‘द’ आहे. न्यायालयं, संग्रहालयं, हॉटेलं यांना तो लागतो. शाळा-कॉलेजं आणि रेल्वे स्टेशनं यांना नाही. याचं कारण विचारू नका, वापर तसा पडलाय.

परळगावचा

मंडळी, समितीत ठरलं. नावाला चिकटलेलं पद मोठं, एकटं पद लहान, ‘इलेक्टेड प्रेसिडेंट’ ला उपपद नाही. पदाधिकाऱ्यांची यादी आणि सह्या यांत सगळं मोठं, त्यामुळे खजिनदारही गप्प झाले. अध्यक्षांनी स्वतःच पाठिंबा दिला, म्हणाले मला लहान पी चालेल, फोटो मोठा टाका.

शेवटचा प्रश्न. अर्पणपत्रिकेत एका मुलीने लिहिलंय, ‘टु माय आई अँड पाटील सर’. रोमन लिपीत आई मोठ्या अक्षराने का लहान? आणि इटालिक करायचं का?

खडूफळा

‘माय’ आलं की ते नातं झालं, लहान: ‘माय मदर’, ‘माय आई’. ‘माय’ काढलं आणि नुसतं ‘टु आई’ केलं की ती हाक झाली, नावाच्या जागी, मोठं. पाटील सर दोन्हीकडे मोठेच, नाव जवळ आहे. पण मुलीला ‘माय’ ठेवून ए मोठाच हवा असेल तर तिच्याशी वाद घालू नका. अर्पणपत्रिका तिची आहे.

प्रूफवाला_गिरगाव

इटालिक नको. मराठी शाळेच्या स्मरणिकेत ‘आई’ हा परका शब्द नाही. प्रूफं माझ्याकडे पाठवायची असतील तर शुक्रवारच्या आत पाठवा, शनिवारी मी गावाला चाललोय.